इंजिनाच्या पोटातला खिळा

धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. लाँच बंद पडल्यापासून पलीकडच्या काठावर जाणारी माणसं रोज यायची, तिकिटाच्या बंद खिडकीकडे बघायची आणि शिव्या घालत लांबच्या पुलाकडे वळायची. त्या दिवशी मात्र कोणीच वळलं नाही. हमाल ओझी खाली टेकवून उभे होते, शाळेतली पोरं कठड्यावर चढली होती, आणि ज्यांचं पलीकडे काहीही काम नव्हतं ते सगळ्यांत पुढे होते. यंत्रमहाराज आले होते!

माणसांची बाधा काढणारे पैशाला पासरी मिळतात. हे महाराज यंत्रांची काढायचे. रुसलेला पंप, झपाटलेला ट्रॅक्टर, करणी झालेलं शिवणयंत्र, महाराजांना काहीही चालायचं. लाँचच्या इंजिनावरच्या फळ्या मुद्दाम काढून ठेवल्या होत्या, सगळ्यांना वरून दिसावं म्हणून. महाराज बिनबाह्यांच्या बंडीत खाली उतरले आणि त्यांनी दोन्ही तळवे लोकांना दाखवले.

"बघून घ्या! हात रिकामे, खिसा रिकामा, डोकं रिकामं!"

डोक्याबद्दल कोणी शंका घेण्याचं कारण नव्हतं. चेल्याने पसरट तसराळं पुढे धरलं. त्यात इंजिनाचं जुनं, काळंकुट्ट तेल होतं.

"यंत्राला यंत्राच्याच रक्ताने शिवायचं असतं," महाराज म्हणाले. त्यांनी हात तेलात बुडवले आणि कोपरापर्यंत चोपडले. मग इंजिनाला कान लावला. "कोण? काय म्हणतोस? मोठ्याने बोल... रडतंय हो बिचारं! पोटात दुखतंय म्हणतंय!"

पुढे उभ्या असलेल्या एका म्हातारीने डोळे पुसले.

इंजिनाच्या बाजूला, खाली, एक झाकण होतं. ते उघडून महाराजांनी आत हात घातला. हात आत जाताच त्यांना झटके बसायला लागले. चेल्याने त्यांची कंबर धरली. "सोड! सोड म्हणतो ना!" असं ओरडत त्यांनी एकदम हात बाहेर ओढला आणि उंच धरला. काळ्या बोटांत बोटभर लांबीचा एक खिळा होता.

धक्क्यावरून असा आवाज उठला, की पाण्यावरचे बगळे उडाले.

"हा आपोआप आत गेलेला नाही, घातलेला आहे," महाराज आवाज खाली आणून म्हणाले. "बाईचा हात दिसतो. घरातलीच बाई. रोज या बोटीवर चढणारी. जिचा माणूस गेला, आणि दुसऱ्यांचा संसार जिला बघवत नाही."

शंभर डोळे तिकिटाच्या खिडकीकडे वळले. तिथे मधली वहिनी उभी होती.

एकच माणूस तिच्याकडे बघत नव्हता. तो त्या खिळ्याकडे बघत होता. हा त्या घरातला धाकटा भाऊ. लाँच तीन भावांची. थोरला सुकाणू धरायचा, मधला तिकिटं फाडायचा आणि धाकटा इंजिन सांभाळायचा. मधला भाऊ आजारपणात गेला, तेव्हापासून त्याच्या जागी त्याची बायको तिकिटं फाडत होती. तिला एक शाळकरी मुलगी होती. महाराजांना एवढी माहिती इंजिनाने सांगितली नव्हती. त्यांचा चेला दोन दिवस धक्क्यावरच्या चहाच्या टपरीवर बसून होता, आणि थोरल्या जावेचं आणि मधलीचं पटत नाही हे त्या टपरीवर कपबशीलाही ठाऊक होतं.

पण धाकट्याला त्या क्षणी चेला आठवत नव्हता. त्याला एवढंच कळत होतं, की इंजिनात खिळा नव्हता. इंजिनात नट होता, आणि तो त्याच्याच हातून पडला होता.

झालं होतं असं. लाँच बंद पडली त्या सकाळी त्याने इंजिनाचा हवेचा फिल्टर साफ करायला काढला. फिल्टर काढला की हवा आत ओढणारं तोंड उघडं पडतं. त्या तोंडात फडक्याचा बोळा कोंबून मगच पुढचं काम करायचं, हे तो स्वतः दुसऱ्यांना शिकवायचा. त्या दिवशी फोन वाजला. मित्र होता, काहीतरी थट्टा चालली होती. फोन खांदा आणि कान यांच्यात धरून, हसत हसत त्याने फिल्टर परत बसवायला घेतला. बोळा राहिला. तेलकट बोटांतून हरभऱ्याएवढा नट सुटला. आत कुठेतरी टिक् झालं, मग आणखी आत टिक् झालं, आणि मग काहीच नाही.

त्याने तार घालून बघितली. तारेला लोहचुंबक बांधून बघितलं. नट लागला नाही. वर माणसं बसली होती. थोरला सुकाणूवरून ओरडत होता, "झालं का रे? लग्नाचं वऱ्हाड आहे का आत?" धाकट्याने स्वतःची समजूत घातली, की नट आत नसेल, बाहेर बोटीच्या तळाशी घरंगळला असेल. समजूत घातल्यासारखी वाटली, पटली नाही. तरी त्याने दुसरा नट लावला आणि इंजिन चालू केलं.

टण्ण!

इंजिन जागच्या जागी जाम झालं. हाताने फिरवलं तर फिरायचं, पण एका ठरावीक जागी येऊन टक् करून अडायचं. आत काय अडतंय हे त्याला स्वच्छ कळलं.

"काय झालं रे?" थोरल्याने विचारलं.

"काही कळत नाही, दादा," तो म्हणाला. "आपोआपच बंद पडलं."

हेच ते वाक्य. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उघडून बघू, असं थोरला म्हणाला, तेव्हा धाकट्याने सांगितलं, "उघडून उपयोग नाही. मला कारणच समजत नाहीये." कारण हेड उघडलं असतं तर नट दिसला असता, आणि नट दिसला असता तर हलगर्जीपणा दिसला असता. बाहेरचा मिस्त्री बोलवावा तर तो आठवडाभर तरी यायचा नव्हता. जिथे माहीत असलेलं कारण दडवलं जातं, तिथे नसलेलं कारण विकणारा माणूस बरोबर येऊन पोचतो. थोरल्या जावेने महाराजांचं नाव काढलं आणि थोरल्याने मान डोलावली. धाकट्याला तर तेव्हा बरंच वाटलं होतं. चार मंत्र म्हणतील, धूर करतील, जातील. आपलं नाव कुठे येणार नाही. दुसऱ्या कोणाचं नाव येईल, हे त्याच्या डोक्यात आलंच नाही.

महाराजांनी फर्मान सोडलं. खिळा निघाला, पण दोष निघायचा आहे. बाईने उद्या सकाळी मुलीसह घर आणि धक्का सोडायचा. ती दृष्टीआड झाली, की इंजिन चालू करायचं. "आणि नाही चालू झालं तर?" कोणीतरी विचारलं. "तर समजायचं, बाई मागे वळून बघत होती," महाराज म्हणाले. बेत पक्का होता. कुठूनही पाहिलं तरी महाराजांचंच बरोबर निघणार होतं.

त्या संध्याकाळी मधली वहिनी कपडे बांधत होती. धाकटा दारात येऊन उभा राहिला. खोलीत एक कॉट, एक कपाट आणि भिंतीवर मुलीने खडूने काढलेली लाँच. लाँचवर चार माणसं होती, त्यात धुराड्याजवळ टोपी घातलेला काका होता.

"आई, आपण काय केलं?" मुलीने विचारलं.

"काही नाही."

"मग आपण का जायचं?"

वहिनीने मान वर केली. दारात दीर उभा आहे हे पाहून ती म्हणाली, "भावोजी, तुम्ही इंजिनातले. तुम्हाला काय वाटतं? एवढा खिळा मी आत कधी घातला असेन?"

"मला... मला त्यातलं काही कळत नाही, वहिनी."

तिने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि परत घड्या घालायला लागली. तो जेवायला बसला, पण भाकरी नुसती चिवडत राहिला. थोरली वहिनी म्हणाली, "तुला कशाला लागलंय एवढं मनाला? सुटलो म्हण." तो ताटावरून उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो इंजिनाजवळ एकटाच बसला होता. तिथे डॉक्टरबाई आल्या. त्यांचा दवाखाना पलीकडच्या काठावर होता. लाँच बंद असल्यामुळे त्यांना पुलावरून मोठा वळसा पडायचा, आणि पेशंट ताटकळायचे. काल त्या नव्हत्या. आल्या आल्या त्यांनी ताटलीत दर्शनाला ठेवलेला खिळा उचलला आणि उलटासुलटा करून पाहिला.

"इंजिनात लोखंड अडकलं, की त्याचं काय होतं?" त्यांनी विचारलं.

"ठेचलं जातं," धाकटा म्हणाला. "चेपून ओळखू येत नाही."

"ह्याचं तर टोकही बोथट झालेलं नाही."

डॉक्टरबाई पायरीवर टेकल्या. "माझ्याकडे लहान मुलं आणतात. नाकात मणी घातलेला, कानात खडू घातलेला. मी आधी एकच विचारते, नेमकं काय गेलंय? आई म्हणते, माहीत नाही. बाप म्हणतो, माहीत नाही. पोराला मात्र पक्कं माहीत असतं. पण ते आईच्या तोंडाकडे बघतं आणि बोलत नाही. मग मणी आत आत जातो, पिकतो, आणि दुखणं वाढतं."

त्या आणखी काही बोलल्या नाहीत. धाकट्याला वाटलं, यांना कळलं. आणि कळलं असेल तर बरं, त्याच बोलतील, असंही त्याला वाटून गेलं. तेवढ्यात त्या उठून वर गेल्या. बोलायचं काम त्यांनी त्याच्यावरच ठेवलं होतं.

थोड्या वेळात धक्का पुन्हा भरला. महाराज खुर्चीवर बसले होते. डॉक्टरबाईंनी खिळा हातात धरून त्यांना विचारलं, "महाराज, हा इंजिन चालू असताना आतच होता?"

"आतच."

"मग इतका सरळ कसा?"

"सत्य कधी वाकत नाही, बाई!"

टाळ्या पडल्या. डॉक्टरबाईंचा आवाज त्यात बुडाला. कोणीतरी म्हणालं, "शिकलेल्यांना फाटे फोडायची सवयच असते."

मधली वहिनी गाठोडं आणि मुलगी घेऊन निघाली. लोक दोन बाजूंना सरकले. तिने मान खाली घातली नव्हती, पण मुलीचा हात घट्ट धरला होता. धाकट्यासमोर ती थांबली आणि गळ्यातली तिकिटांची पिशवी आणि शिट्टी काढून तिने त्याच्या हातात दिली.

"संध्याकाळच्या फेरीला शाळेतली पोरं असतात," ती म्हणाली. "त्यांना पुढच्या कठड्याजवळ बसू देऊ नका. ओणवी होतात."

बस, एवढंच. त्याला शिव्या दिल्या असत्या तर त्याने सहन केल्या असत्या.

"वहिनी, थांबा," तो म्हणाला. ती पुढे चालू लागली, तसा तो ओरडला, "थांबा! खिळा नव्हता. नट होता. माझ्या हातून पडला. फोनवर बोलत होतो, इंजिनाच्या तोंडात बोळा घातला नाही, आणि नट आत पडला. मला तेव्हापासून माहीत आहे."

थोरला पुढे आला. "काय बोलतोस तू?"

"खरं बोलतोय, दादा. तुला खोटं सांगितलं. तू ओरडशील म्हणून."

महाराज मंद हसले. असल्या प्रसंगांचा त्यांना सराव असावा. "तरुण दीर, एकटी वहिनी. पुळका येणारच. लोकहो, मी काही म्हणत नाही, तुम्हीच काय ते समजा."

गर्दीत खसखस पिकली. मधल्या वहिनीचा चेहरा काल पांढरा पडला नव्हता तेवढा आता पडला. धाकट्याला वाटलं, आपण बोललो आणि तिला आणखी चिखलात ढकललं. तो महाराजांच्या अंगावर धावून जाणार होता. डॉक्टरबाईंनी त्याच्या दंडाला धरलं.

"हातपाय नकोत," त्या म्हणाल्या. "पाना घे."

त्याने पाना घेतला. इंजिनाचं हेड खोलायला वेळ लागतो. ऊन चढलं तरी लोक हलले नाहीत. महाराजांना मात्र दुसऱ्या एका झपाटलेल्या पंपाची आठवण झाली. पण हमालांनी वाट सोडली नाही. "बसा की महाराज," त्यांच्यातला एक म्हणाला, "सत्य कधी पळत नाही."

शेवटचा बोल्ट सुटला. धाकट्याने आणि थोरल्याने दोघांनी मिळून हेड उचललं. खाली पिस्टनच्या माथ्यावर, ठेचून चपटा झालेला, एक नट रुतून बसला होता. एक वॉल्व वाकला होता. धाकट्याने पकडीने नट उपटला आणि तळहातावर ठेवून लोकांना दाखवला. "हा वरच्या तोंडातून आत गेला. महाराजांनी हात घातला तो खालच्या पोटात. मध्ये पिस्टन आहे. वरचं खाली जायला वाटच नाही!"

आता तरी संपलं, असं त्याला वाटलं. पण महाराज उभे राहिले. "पाहिलंत? काल खिळा काढला, म्हणूनच आज नट दिसला! खिळ्याने तो झाकून ठेवला होता."

आणि खरंच, मागून कोणीतरी म्हणालं, "असेलही बुवा!" एकदा टाळी वाजवली की माणसाला ती परत घ्यायला फार जड जातं.

तेव्हा मधली वहिनी गाठोडं खाली ठेवून पुढे आली. "डॉक्टरबाई, तुमची पिशवी देता?" तिने चेल्याच्या पायाशी पडलेलं तसराळं ओढलं. चेला "हात लावू नका" म्हणेपर्यंत ती खाली बसली होती. तिने दोन्ही तळवे लोकांना दाखवले. "बघून घ्या, हात रिकामे." तेलात बुडवले, बाहेर काढले, कोपरापर्यंत चोपडले. मग तोच हात डॉक्टरबाईंच्या पिशवीत घातला, दोन झटके दिले आणि बाहेर काढला. काळ्या बोटांत एक खिळा होता. कालच्यासारखाच, बोटभर.

"आता सांगा," ती म्हणाली, "डॉक्टरबाईंच्या औषधांवर करणी कोणी केली?"

तिने तसराळं उचललं आणि धक्क्याच्या फरशीवर उपडं केलं. तेल पसरलं, आणि त्यात आणखी दोन खिळे वाजत घरंगळले. महाराज पुढच्या गावांची तयारी करून आले होते.

"सगळे त्यांचे हात बघत होते, पण तेलात घालायच्या आधी," वहिनी म्हणाली. "मी दिवसभर लोकांच्या हातातली तिकिटं बघते. हात तेलात गेले तेव्हा बोटं पसरलेली होती. बाहेर आले तेव्हा एका हाताची मूठ होती. मला कालच दिसलं. पण काल मी बोलले असते, तर तुमच्यापैकी कोणी ऐकलं असतं?"

कोणीच हो म्हणालं नाही. काल डोळे पुसणारी म्हातारी तेवढी पुढे आली आणि मुलीच्या डोक्यावरून हात फिरवू लागली. थोरला आणि डॉक्टरबाई महाराजांना आणि चेल्याला घेऊन पोलीस चौकीकडे चालू लागले. महाराज वाटेत शाप देत होते, पण आवाजात कालचा जोर नव्हता, आणि पोरं मागून "हात रिकामे, डोकं रिकामं" असं ओरडत होती.

वॉल्व बदलला, इंजिन बसलं, लाँच सुरू झाली. मधली वहिनी खिडकीवर परत आली. घरात मात्र परत आली नाही. धक्क्याजवळच तिने एक खोली घेतली. थोरला घ्यायला गेला, थोरली जाऊसुद्धा गेली; तिने चहा दिला आणि पाठवून दिलं. तिची कॉट आणि कपाट नेऊन द्यायला धाकटा गेला. कपाट भिंतीला लावून झाल्यावर तो तिथेच उभा राहिला.

"वहिनी, चुकलो."

"नट कुणाच्याही हातून पडतो, भावोजी."

"मी नटाबद्दल बोलत नाही."

"मीही नाही," ती म्हणाली. "मी कपडे बांधत होते आणि तुम्ही दारात उभे होता. मी विचारलं, तेव्हा तुम्हाला माहीत होतं. ते मी अजून विसरले नाहीये. विसरले, तर सांगेन."

तो "बरं" म्हणाला आणि जिना उतरला. त्याने मोकळं वाटेल अशी आशा केली होती. वाटलं नाही. आणि वाटू नये, हेच रास्त होतं, असं मलाही वाटतं.

आता राहिला प्रश्न तुमचा-माझा. महाराजांची सगळी विद्या म्हणजे काळं तेल, चार खिळे आणि टपरीवर ऐकलेल्या गप्पा. एवढ्या भांडवलावर त्यांनी एका बाईला घराबाहेर काढलं. त्यांना ते जमलं, कारण हात कधी बघायचे हे त्यांनी ठरवलं आणि आपण ऐकलं. म्हणून चमत्कार दिसला की आधी विचारा: काय हरवलं होतं, कुठे हरवलं होतं, सापडलेली वस्तू तीच आहे का, आणि दोष कोणाच्या माथी मारला जातोय? विचारताना लोक हसतील, टाळ्या दुसऱ्याला मिळतील. तरी विचारा. आणि उत्तर तुम्हाला आधीच माहीत असेल, तर दुसऱ्या कोणीतरी प्रश्न विचारायची वाट बघत बसू नका. बोला. तुम्ही गप्प असता, तेवढ्यात कोणीतरी आपल्या मुलीचे कपडे बांधत असतं.